वड, गोरखचिंच आणि तीन शिक्के

लेटरबॉक्सिंग म्हटलं की समोरचा आधी विचारतो, बॉक्सिंग की पोस्ट? दोन्ही नाही. कुठेतरी एक छोटा डबा असतो, त्यात हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि वही. तिथवर नेणारं कोडं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. कोडं सोडवून डबा गाठायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का त्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा परत. बक्षीस नाही, वस्तूंची अदलाबदल नाही.

खेळ इंग्लंडातल्या डार्टमूरच्या पठारावरचा. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमेअर पूल या दलदलीतल्या आडजागी एक बाटली ठेवली. इथवर तंगडतोड करून येणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकावं, एवढाच हेतू. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली टपालं ठेवू लागले आणि नंतर येणारा ती पोस्टात टाकू लागला. नाव तिथून पडलं. शिक्के मागाहून आले.

डार्टमूरला दगडाखाली डबा ठेवला तर वर्षभर मेंढीशिवाय कुणी फिरकत नाही. मुंबईत वडाच्या ढोलीत डबा ठेवून बघा. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे रोज लोकलमध्ये ऐकणाऱ्या शहरात संध्याकाळपर्यंत तिथे पोलीस आलेले असतील, आणि त्यांचं काही चुकलेलं नसेल. म्हणून मे महिन्यात आम्ही तीन जुन्या झाडांसाठी तीन डबे ठेवले ते झाडात नव्हे, झाडाजवळच्या माणसांकडे. कोडं झाडापाशी नेतं, झाडापाशी एक उत्तर मिळतं, ते उत्तर योग्य माणसाला सांगितलं की डबा हातात. ही पळवाट वाटेल, पण खुद्द डार्टमूरलाही पबच्या गल्ल्यामागे ठेवलेले शिक्के आहेत.

पाऊस लागल्यावर जूनच्या शेवटी तीन दिवसांची फेरी केली. सोबत दोघे अगदी नवखे होते. कोडं लिहिणाऱ्याला स्वतःच्या कोड्यातलं भोक कधीच दिसत नाही. ज्याने जागा पाहिलेली नाही त्याच्या हातात कागद द्यावा आणि आपण दहा पावलं मागून गप्प चालावं.

पहिला दिवस, शुक्रवार: फोर्ट

वटपौर्णिमा होती. सकाळी पावसाची एक सर पडून गेलेली, मग चिकट ऊन. हॉर्निमन सर्कलच्या आसपास ऑफिसला निघालेल्या बायका एका हातात लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात पूजेचं ताट घेऊन चाललेल्या. ताटात आंबे, फणसाचे गरे, सुताची गुंडी. एक बाई घड्याळ बघत भराभर फेरे घालत होत्या. "नऊ चाळीसला पंचिंग आहे, सावित्रीला चालेल," म्हणाल्या आणि एक आंबा आमच्या हातावर ठेवून गेल्या.

इथल्या वडाची मुंबईची स्वतःची अशी दंतकथा सावित्रीची नाही, दलालांची आहे. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागच्या, वडांखाली काही शेअर दलाल जमत, उभ्या उभ्या सौदे करत. माणसं वाढली तशी सावली पुरेना, मग ती मंडळी मेडोज स्ट्रीटच्या नाक्यावरच्या वडांखाली गेली आणि शेवटी दलाल स्ट्रीटवर. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. आता बागेतल्या मोठ्या वडाकडे बोट दाखवून लोक 'हाच तो' म्हणतात. वडाचं बरं असतं, पारंब्यांमुळे कुठल्याही वयाचा वड म्हाताराच दिसतो.

कोडं असं होतं:

जिथे सावलीला भाव होता, तिथे उभे राहा.
ग्रंथांच्या घराकडे तोंड करा, चढा, पायऱ्या मोजा.
आकडा खिशात घालून मावळतीकडे वळा.
चिंच नसलेल्या चिंचेच्या गल्लीत
पितळी किटलीवाल्याच्या कानात तो सांगा.

ग्रंथांचं घर म्हणजे टाउन हॉल, १८३३ मध्ये पुरा झालेला. तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. पायऱ्या किती ते इथे लिहीत नाही. चिंचेची गल्ली म्हणजे टॅमरिंड लेन. सेंट थॉमस कॅथेड्रलजवळ एक मोठी चिंच होती, तिच्याखाली लिलाव चालत. त्या जागेला लोक अम्लीआगळ म्हणत, म्हणजे चिंचेपुढची जागा. झाड गेलं, नाव उरलं. मुंबईत हे नेहमीचंच. चिंचपोकळीत चिंच शोधावी लागते, वडाळ्यात वड आणि ताडदेवला ताड.

नवख्यांपैकी एकाने होकायंत्र काढलं आणि पहिली चूक तिथेच झाली. बागेच्या लोखंडी कठड्याला टेकून त्याने दिशा घेतली आणि मावळत समुद्राऐवजी भलत्याच रस्त्याकडे निघाली. लोखंडाजवळ काटा वीस-तीस अंश सहज फिरतो. कठड्यापासून, गाड्यांपासून आणि मॅनहोलच्या झाकणापासून चार-पाच पावलं दूर जाऊन उभं राहायचं, मोबाइल दुसऱ्या खिशात ठेवायचा, मग वाचायचं. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत एक अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. एवढी सोय शहराने दिली आहे.

दुसरा घोळ पायऱ्यांचा. फूटपाथला लागून असलेला पहिला दगड ही पायरी धरायची का? दोघांचे आकडे एकाने वेगळे आले. हे होणार म्हणून चहावाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं: एक कमी, एक जास्त चालेल. मोजणीवर कोडं बांधणाऱ्याने ही सूट ठेवलीच पाहिजे, नाहीतर बरोबर आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

काकांनी आकडा ऐकला, किटली खाली ठेवली, नानकटाईच्या बरणीमागून डबा काढला. आत्तापर्यंत किती जण आले? "सात. त्यातले चौघं चहा पिऊन गेले, तिघं नुसतेच." डबा सांभाळणाऱ्याकडे दोन कटिंग घेतल्याशिवाय उठू नये, हा या खेळाचा मुंबईतला नियम समजा.

डबा उघडला तर वहीची पहिली चार पानं जांभळी. चूक आमचीच. डब्यात ऑफिसातलं साधं स्टँप पॅड ठेवलं होतं. त्याची शाई डाय प्रकारची, पाण्यात विरघळणारी. कुणीतरी ओल्या हाताने पान उलटलं आणि सगळे ठसे पसरले. पिगमेंट शाईचं पॅड घ्यावं. ती वाळली की पाण्याला दाद देत नाही. फक्त पावसाळी हवेत वाळायला वेळ घेते, म्हणून प्रत्येक ठशावर टीपकागदाचा तुकडा ठेवूनच वही मिटायची. आणि डब्यात पॅड ठेवूच नये हे उत्तम. येणाऱ्याने आपलं आणावं.

वहीबद्दलही एक सांगायला हवं. स्पायरल वही आणि पिनांची वही दोन्ही मुंबईत बाद, कारण तार गंजते आणि गंज पानात उतरतो. जाड कागद, निदान १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा), दहा बाय सात सेंटीमीटरला कापून, मधोमध दोऱ्याने शिवलेली चाळीस पानांची वही सगळ्यात टिकाऊ. डबा रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला, पाव किलो दही मावेल एवढा. पारदर्शकच हवा. आतून बाहेर दिसेल अशी चिठ्ठी चिकटवायची, मराठीत आणि हिंदीत: 'हा खेळाचा डबा आहे. आत शिक्का आणि वही आहे. उघडून बघा.' खाली एक फोन नंबर. या चिठ्ठीचा उपयोग त्याच दुपारी झाला. एका इमारतीच्या रखवालदाराने आम्हाला डबा उघडून बसलेलं पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि दम देण्याऐवजी आपल्या हजेरीवहीचा शिक्का आमच्या वहीत मारून दिला.

संध्याकाळी सुताचे फेरे घातलेल्या वडाशी परत आलो. सुती धागा पावसात कुजून गळून जातो, झाडाला त्याचा त्रास नाही. पण अलीकडे चमकता नायलॉनचा धागाही दिसतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कोवळ्या पारंब्यांना करकचतो. तेच खिळ्यांचं. झाडावर कोड्याची पाटी, बाण, खूण असलं काहीही ठोकायचं नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज दर्जा मिळाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी खिळ्याच्या भोकातून बुरशी शिरते, एवढं कारण पुरे.

दुसरा दिवस, शनिवार: भायखळा

रात्रीपासून धो धो. राणीच्या बागेच्या दारात छत्र्यांची रांग. तिकीट मोठ्यांना ५० रुपये. बुधवारी बाग बंद आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. बेत आखताना बहुतेक लोक इथेच फसतात. पेंग्विनकडे जाणारी गर्दी सोडून आम्ही गोरखचिंचेकडे वळलो.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. अरब व्यापाऱ्यांनी आणलं म्हणतात, पोर्तुगीजांचंही नाव घेतात. पश्चिम किनाऱ्यावर जुन्या बंदरांच्या आसपास ते भेटतं हे मात्र खरं. आपल्याकडे त्याला गोरखनाथ चिकटले: नाथांनी शिष्यांना या झाडाखाली बसवून उपदेश केला, म्हणून गोरखचिंच. आफ्रिकेत सांगतात की देवाने रागाने झाड उपटून उलटं रोवलं, म्हणून मुळं वर. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेली असताना पाहिलं तर ही दुसरी गोष्ट जास्त पटते. जूनमध्ये मात्र ते हिरवंगार असतं, हाताच्या पंजासारखी पाच-सात दलांची पानं, आणि काटेसावरीची भाऊबंदकी लगेच ओळखू येते.

फुलं याच दिवसांत येतात. लांब देठाला उलटी लटकणारी, पांढरी, तळहाताहून मोठी. पण उमलतात संध्याकाळी, वटवाघळांसाठी, आणि तोवर बाग बंद होते. म्हणून सकाळी लवकर जावं आणि वर न बघता खाली बघावं. त्या दिवशी चिखलात चार फुलं पडलेली होती, कडा तपकिरी व्हायला लागलेल्या, वास आंबूस. नवख्यांपैकी एकीने फूल उचलून नाकाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

झाड किती वर्षांचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. खोडाच्या घेरावरून लोक बिनधास्त शतकं सांगतात. गोरखचिंचेचं खोड मऊ, पाणी साठवणारं. ते पाण्याप्रमाणे थोडं फुगतं, थोडं आकसतं आणि पुष्कळदा आतून पोकळ होतं. घेर मोजावा, छातीच्या उंचीला, जमिनीपासून १.३७ मीटरवर, शिंप्याच्या टेपने. पण त्याचं वय करू नये. आणि कोड्यात 'तीन माणसांच्या कवेत' असंही लिहू नये. कुणाची कव केवढी, यावर अर्धा तास वाद होतो.

बागेत काहीही ठेवायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. कोडं बागेतून संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीकडे नेतं. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते त्याच्यामुळे. हत्तीचं तोंड कुणीकडे आहे ते बघायचं आणि बाहेर पडून, रस्ता ओलांडून, छत्रीखाली बसलेल्या चावीवाल्याला ती दिशा सांगायची.

चावीवाले भाऊ डबा द्यायला तयार नव्हते. उत्तर बरोबर होतं, पण त्यांना आधी तक्रार करायची होती. "तुमचा शिक्का खराब झालाय. मी नाही केला."

खरंच झाला होता, आणि दोन तऱ्हांनी. एक म्हणजे शिक्का डब्याच्या तळाला चिकटून बसला होता, जणू वितळून. शिक्का कोरला होता पांढऱ्या नॉन-डस्ट खोडरबरावर. हे खोडरबर रबराचं नसतं, व्हिनाइलचं असतं, आणि त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरतं. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटतं तसंच. कागदी वेष्टनात विकतात ते त्यासाठीच. शिक्का सुती कापडात किंवा कागदात गुंडाळूनच ठेवायचा. आम्ही घाईत तसाच टाकला होता.

दुसरी गोष्ट भाऊंनीच दाखवली. शिक्का डोळ्याजवळ धरून, कानशीच्या टोकाने न टेकवता खूण करत म्हणाले, "ही रेघ तुम्ही खालून पोखरलीय. वरून बारीक दिसते, पण खाली आधार नाही. दाबलं की आडवी होणार." गोरखचिंचेच्या फांदीची ती रेघ खरोखरच लवली होती. आयुष्यभर पितळेवर दात पाडलेल्या माणसाला रबराचं मर्म एका नजरेत कळलं.

तर कोरण्याची रीत अशी. मोठं खोडरबर घ्या, सहा बाय अडीच सेंटीमीटरचं चालेल. ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलीने चित्र सुलटच काढा, पेन्सिलीची बाजू खाली करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा. चित्र उलटं उतरतं, ठसा आपोआप सुलटा येतो. हाताने उलटं काढायच्या भानगडीत पडू नका. मग लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर ठसे कोरतात ती, व्ही आकाराची बारीक छिन्नी. छिन्नी नेहमी रेघेपासून बाहेर कललेली हवी, म्हणजे रेघेचा पाया डोक्यापेक्षा रुंद राहतो, बांधासारखा. खोली दोन मिलिमीटर पुरे. वळण आलं की छिन्नी फिरवायची नाही, खोडरबर फिरवायचं. अक्षरं कोरायची तर देवनागरीची शिरोरेषा कामाला येते, सगळी अक्षरं तिला लटकून एकजीव राहतात. फक्त 'ख' सुटा पडून 'रव' होणार नाही एवढं बघा. मागे लाकडी ठोकळा लावायचा असेल तर पांढरा फेव्हिकॉल धरत नाही, चपलेला लावतात तो पिवळा रबरी गोंद लागतो.

नवा शिक्का भाऊंच्याच छत्रीखाली बसून कोरला. पाऊण तास लागला. समोरच्या गाडीवरचं मक्याचं कणीस, लिंबू-तिखट लावलेलं, दोनदा मागवावं लागलं.

तिसरा दिवस, रविवार: वसई किल्ला

मुंबईची हद्द ओलांडून, पण विरार लोकलने जोडलेलं म्हणजे मुंबईचंच, असा हिशोब. वसई रोडला उतरून पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. तटाच्या आत पडक्या चर्चांच्या भिंती, ताडाची झाडं आणि गोरखचिंच. पडक्या भिंतींशेजारी तिचं सुजलेलं खोड बघताना भिंत आधीची की झाड, असं होतं.

इथे कोडं साफ कोसळलं. मेमध्ये लिहिलं होतं: 'मोठ्या गोरखचिंचेपासून चाळीस पावलं दक्षिणेला, जमिनीतला चौकोनी दगड.' जूनच्या शेवटी गवत गुडघ्यावर गेलेलं, दगड गडप. शिवाय एकाची चाळीस पावलं दुसऱ्याची पन्नास. आणि गवतात हात घालून दगड शोधायला पावसाळ्यात कुणी सांगू नये. फुरशी, घोणस यांचे दिवस आहेत, बूट आणि काठी लागतेच. तिथेच बसून कोडं बदललं. खुणा आता सगळ्या कमरेच्या वरच्या: कमान, खिडकी, झाडाचं दुभंगलेलं खोड. पावलांऐवजी 'जिथून कमानीतून झाड पुरतं दिसतं ती जागा' असं लिहिलं. नजरेची रेघ कुणाच्याही पायाच्या मापावर अवलंबून नसते आणि गवताखाली जात नाही. ज्याला पावलं वापरायचीच असतील त्याने दोन पावलांचं एक माप धरावं आणि कोड्यात आपली उंची द्यावी.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. भिंतीच्या फटीत चिठ्ठीसुद्धा ठेवायची नाही. डबा होता किल्ल्याबाहेर, जेटीच्या वाटेवर सुकी मासळी विकणाऱ्या मावशीकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्रीखाली पुरुष जाळी विणत बसलेले. त्यांतल्या एका आजोबांना गोरखचिंचेची गोष्ट विचारली तर नाथ नाही की उलटं झाड नाही. "तिचं फळ वाळलं की हलकं. आमचे म्हातारे जाळ्याला बांधायचे, तरंगायला. आता प्लास्टिकचं मिळतं." तिन्ही दिवसांत ऐकलेल्या झाडांच्या गोष्टींत ही सगळ्यात आखूड आणि सगळ्यात खात्रीची.

मावशीला परवलीचा शब्द सांगितला. ती म्हणाली, "आधी जवळा घ्या." अर्धा किलो जवळा आणि सोड्यांची पुडी घेतली. मग सुक्या बोंबलांच्या टोपलीमागून डबा आला. रबरी कडेने पाणी अडवलं होतं, वास नव्हता अडवला. वही उघडली की मासळी बाजार. गंध कागदात एकदा मुरला की जात नाही. वही वेगळ्या झिप पिशवीत घालणं एवढाच उपाय, तोही अर्धाच.

नऊ ठसे होते. त्यांतला एक ओळखू येईना: बोटभर लांब, डोळ्याच्या जागी कोरा ठिपका, शेपटीच्या रेघा इतक्या बारीक की छिन्नीने कोरणं अशक्य. मावशी हसायला लागली. तिच्या नातवाने स्टँप पॅडवर सुकी मांदेली दाबली होती आणि वहीत उमटवली होती. त्याच्याकडे शिक्का नव्हता, मग काय करणार. पॅड अर्थात वाया गेलं होतं, त्यात खवले अडकलेले.

पॅड काढून घेतलं, वही पिशवीत घातली, शिक्का कापडात गुंडाळला, चिठ्ठीवरचा पुसट झालेला नंबर पुन्हा लिहिला. वसईच्या बाजारात सुक्या पानात बांधलेली सुकेळी मिळाली, ती गाडीत बोरिवली यायच्या आत संपली. जवळ्याच्या पिशवीमुळे आमच्या बाकड्यावर चौथं कुणी बसलं नाही. पुढची फेरी नारळी पौर्णिमेनंतर, होड्या सुटल्या की. तेव्हा नातवासाठी एक खोडरबर आणि बोथट छिन्नी न्यायची आहे.